लॅपटॉपवर चालतं, लॅम्डावर ‘नो मॉड्यूल नेम्ड’: पायथनचे इम्पोर्ट मार्गी लावताना

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या काढायचं काम मी पायथनमध्ये लिहून एडब्ल्यूएस लॅम्डावर (सर्व्हर न सांभाळता कोड चालवून देणारी ॲमेझॉनची सेवा) टाकलं होतं. लॅपटॉपवर २७ टेस्ट, सगळ्या पास. डिप्लॉय करून (कोड लॅम्डावर चढवून) लिंक उघडली तर पडद्यावर ‘इंटर्नल सर्व्हर एरर’ आणि क्लाउडवॉचच्या लॉगमध्ये (लॅम्डाच्या नोंदी जिथे जमतात तिथे) एकच ओळ: ‘अनेबल टू इम्पोर्ट मॉड्यूल ॲप: नो मॉड्यूल नेम्ड एसआरसी’.

मग मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. इम्पोर्टच्या ओळी बदलत, अंदाजाने ठिपके घालत-काढत, दहा-अकरा वेळा डिप्लॉय केलं. शेवटी लॅम्डा चाललं आणि टेस्ट बंद पडल्या! कोड दोन्हीकडे तोच होता. वेगळी होती ती फक्त पायथनला मॉड्यूल (इम्पोर्ट करून आणायची कोडची फाइल) शोधायला मिळालेली जागा. लॅपटॉप या बाबतीत फार उदार असतो. चालू फोल्डर, पूर्वी कधीतरी इन्स्टॉल केलेली पॅकेजं, एडिटरने गुपचूप जोडलेले पाथ, सगळं तो पुढे करतो. लॅम्डाकडे झिपमध्ये आलेलं सामान आणि रनटाइमचं (लॅम्डा ज्यावर कोड चालवतं त्या तयार पायथनचं) स्वतःचं थोडंफार, एवढंच. म्हणून लॅम्डाला लॅपटॉपसारखं करण्यापेक्षा टेस्टच लॅम्डासारख्या कंगाल जागी चालवायच्या, हा माझा हल्लीचा शिरस्ता. पुढच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्या आहेत.

आधी एररचं शेपूट वाचा

‘अनेबल टू इम्पोर्ट मॉड्यूल’च्या पुढे तुमच्या हँडलरच्या (लॅम्डा ज्याला हाक मारतं त्या फंक्शनच्या) फाइलचं नाव असतं. ते जवळजवळ प्रत्येक वेळी तेच असतं, त्यात माहिती काही नाही. खरी खबर ‘नो मॉड्यूल नेम्ड’नंतरच्या नावात असते.

तिथेही हँडलरचंच नाव आलं, म्हणजे ‘ॲप इम्पोर्ट होत नाही कारण ॲप नावाचं मॉड्यूल नाही’ असं काही, तर फाइल लॅम्डा शोधतं तिथे पोहोचलेलीच नाही. झिपची रचना किंवा हँडलरची सेटिंग चुकली आहे. तुमच्याच दुसऱ्या फाइलचं किंवा फोल्डरचं नाव आलं तर मुळाचा फोल्डर (जिथून पायथन तुमच्या फाइली शोधायला लागतो तो) चुकलाय. रिक्वेस्ट्स, यामल असं बाहेरच्या पॅकेजचं नाव आलं तर ते झिपमध्ये भरलंच गेलेलं नाही. आणि ‘पायडँटिक_कोअर._पायडँटिक_कोअर’सारखं पोटातलं, अंडरस्कोरने सुरू होणारं नाव आलं तर पॅकेज आहे, पण दुसऱ्याच मशीनसाठी बनवलेलं आहे.

‘अटेम्प्टेड रिलेटिव्ह इम्पोर्ट विथ नो नोन पेरेंट पॅकेज’ ही आणखी एक नेहमीची पाहुणी. तिच्याकडे मुळाच्या फोल्डरच्या भागात येतो.

दोन याद्या शेजारी ठेवा

पायथन मॉड्यूल शोधतो तो सिस.पाथ नावाच्या यादीत, वरून खाली. जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे थांबतो. ही यादी दोन्हीकडून छापून घ्या.

लॅपटॉपवर ती तुम्ही प्रोग्राम कसा सुरू केला त्यावर ठरते. ‘पायथन एसआरसी/ॲप.पाय’ असं चालवलं तर यादीत पहिला येतो त्या फाइलचा फोल्डर, म्हणजे एसआरसी. ‘पायथन -एम एसआरसी.ॲप’ असं चालवलं तर तुम्ही उभे आहात तो फोल्डर. एकाच फाइलसाठी दोन वेगळ्या याद्या! टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टचं तिसरंच. नेहमीच्या पद्धतीत ते टेस्टच्या फाइलपासून वर जात __इनिट__.पाय (फोल्डरला पॅकेज बनवणारी फाइल) नसलेला पहिला फोल्डर शोधतं आणि तो यादीच्या डोक्यावर बसवतं. कॉनफटेस्ट.पाय (पायटेस्टच्या तयारीची फाइल) ज्या फोल्डरात असते त्यालाही हाच न्याय. मुळाशी रिकामी कॉनफटेस्ट.पाय ठेवली की टेस्ट चालायला लागतात हा तोडगा अनेकांना ठाऊक असतो, त्याचं कारण एवढंच. शिवाय नुसतं ‘पायटेस्ट’ आणि ‘पायथन -एम पायटेस्ट’ यातही फरक आहे: दुसऱ्यात चालू फोल्डर यादीत जातो, पहिल्यात नाही.

लॅम्डावर झिप उघडली जाते /वार/टास्कमध्ये, आणि तो फोल्डर सगळ्यात आधी तपासला जातो. त्यानंतर लेयरमधून (फंक्शनला वेगळी जोडलेली झिप) आलेला /ऑप्ट/पायथन, आणि मग रनटाइमसोबत आलेली पॅकेजं. बोटो३ (एडब्ल्यूएसशी बोलणारं पॅकेज) त्यांतलंच, म्हणून ते न भरताही मिळतं.

पण हँडलरच इम्पोर्ट होत नसेल तर तिथली यादी छापायची कशी? तपास.पाय नावाची एक फाइल झिपच्या मुळाशी टाका. तिच्यात सिस आणि ओएस सोडून काहीही इम्पोर्ट करू नका. हँडलर म्हणून तात्पुरतं तिचंच फंक्शन लावा. सिस.पाथ आणि /वार/टास्कमधल्या फाइलींची यादी छापा. एका डिप्लॉयमध्ये काय ते कळतं. हे मी पहिल्याच रात्री केलं असतं तर झोप मिळाली असती.

मुळाचा फोल्डर एकच ठरवा

खरी गोम बहुतेक वेळा इथे असते, म्हणून जरा थांबून बघू. माझी रचना अशी होती:

पावती/
— टेम्प्लेट.यामल
— एसआरसी/ॲप.पाय
— एसआरसी/हिशोब.पाय
— टेस्ट्स/टेस्ट_हिशोब.पाय

ॲप.पायमध्ये मी लिहिलं होतं ‘फ्रॉम एसआरसी.हिशोब इम्पोर्ट एकूण’. टेस्ट पावती या फोल्डरातून चालत, तिथून एसआरसी दिसतो, सगळं सुरळीत. सॅमच्या (लॅम्डासाठी बिल्ड आणि डिप्लॉय करणारं एडब्ल्यूएसचं टूल) टेम्प्लेटमध्ये मात्र कोडयूआरआय, म्हणजे कोडचा पत्ता, म्हणून ‘एसआरसी/’ दिलेलं होतं. याचा अर्थ एसआरसीच्या आतलं सामान /वार/टास्कमध्ये जातं. एसआरसी हे नाव प्रवासातच गळून पडतं. तिथे ॲप.पाय आहे, हिशोब.पाय आहे, पण एसआरसी नावाचं काही नाही. एरर शब्दशः खरं बोलत होती.

सुटायचे दोन मार्ग आहेत.

पहिला, एसआरसीलाच मूळ माना. कोडमध्ये ‘फ्रॉम हिशोब इम्पोर्ट एकूण’ लिहा आणि पायटेस्टलाही तेच मूळ दाखवा. पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये पायटेस्टच्या विभागात ‘पायथनपाथ’ या सेटिंगला ‘एसआरसी’ हे मूल्य द्या. ही सोय पायटेस्ट ७.० पासून आहे, वेगळं प्लगइन लागत नाही. एडिटर लाल रेघा मारायला लागला तर त्यालाही तोच फोल्डर सांगा. दोन-तीन फाइलींच्या कामाला एवढं पुरे.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो: एसआरसीच्या आत खरंखुरं पॅकेज करा. म्हणजे एसआरसी/पावती/ हा फोल्डर, त्यात __इनिट__.पाय, ॲप.पाय, हिशोब.पाय. कोडयूआरआय ‘एसआरसी/’ तसंच राहू द्या, फक्त हँडलर ‘ॲप.हँडलर’ऐवजी ‘पावती.ॲप.हँडलर’ करा. इम्पोर्ट सगळीकडे ‘फ्रॉम पावती.हिशोब’. झिपमध्ये पावती हा फोल्डर नावासकट जातो, त्यामुळे लॅपटॉपवर आणि लॅम्डावर मॉड्यूलचं पूर्ण नाव एकच राहतं. पायटेस्टची वरची सेटिंग इथेही लागते.

या मार्गाने रिलेटिव्ह इम्पोर्टचं भांडणही मिटतं. ‘फ्रॉम .हिशोब’ मधला ठिपका म्हणजे ‘मी ज्या पॅकेजात आहे तिथून’. हँडलर ‘ॲप.हँडलर’ असेल तर ॲप कुठल्याच पॅकेजात नसतो, ठिपक्याला अर्थ उरत नाही आणि ती ‘नो नोन पेरेंट पॅकेज’वाली एरर येते. हँडलर ‘पावती.ॲप.हँडलर’ केला की ॲपला आईबाप मिळतात आणि ठिपका चालतो. शिवाय यूटिल्स, कॉमन, कॉन्फिग ही नावं अर्ध्या जगाने वापरलेली आहेत. ती मुळाशी उघडी ठेवली की कधी ना कधी दुसऱ्या पॅकेजशी टक्कर होते.

एक तिसरा मार्गही दिसेल: ट्राय लावून आधी ‘फ्रॉम एसआरसी.हिशोब’, नाही जमलं तर ‘फ्रॉम हिशोब’. कृपा करून नको. मी हे एका जुन्या कामात केलं होतं आणि त्याची फेड अशी झाली. टेस्टमध्ये दर आणणाऱ्या फंक्शनला मॉक (खोटं बदली फंक्शन) लावला होता, ‘हिशोब.दर_आणा’ या नावाने. टेस्ट मॉकला विचारेचना, सरळ खऱ्या डेटाबेसकडे जायची. कारण ॲपने तेच मॉड्यूल ‘एसआरसी.हिशोब’ या नावाने आणलं होतं. फाइल एकच, पण पायथनच्या लेखी ती दोन वेगळी मॉड्यूलं, सिस.मॉड्यूल्समध्ये दोन वेगळ्या नोंदी. मी मॉक एकाला लावत होतो आणि कोड दुसऱ्याला हाक मारत होता. आयझइन्स्टन्सचंही (वस्तू कुठल्या क्लासची ते तपासणं) तेच: एका नावाने आलेल्या क्लासची वस्तू दुसऱ्या नावाच्या क्लासला ओळखत नाही. फाइलीच्या डोक्यावर सिस.पाथमध्ये हाताने फोल्डर घुसवणं हाही याच जातीचा उपाय.

झिप उघडून बघा

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? झिपमध्ये नसलेलं मॉड्यूल लॅम्डावर उगवणार नाही. तरीही झिप उघडून बघायचा कंटाळा आपण सगळेच करतो. अनझिप -एल चालवा आणि यादीवर नजर टाका. सॅम वापरत असाल तर .एडब्ल्यूएस-सॅम/बिल्ड हा फोल्डर बघा.

हाताने झिप करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे फोल्डरवर राइट क्लिक करून तोच झिप करणं. मग आत ‘पावती-झिप/ॲप.पाय’ असं एक जादा कवच येतं आणि लॅम्डाला मुळाशी ॲप सापडत नाही. फोल्डरात शिरून आतलं सगळं निवडा, मग झिप करा.

सॅमची एक खोड माहीत असू द्या. रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी ही फाइल कोडयूआरआयच्या फोल्डरात असावी लागते. ती प्रोजेक्टच्या मुळाशी असेल तर सॅम बिल्ड अडत नाही. फाइल सापडली नाही, डिपेंडन्सीशिवाय पुढे जातोय, असं एका ओळीत पुटपुटतं आणि ‘बिल्ड सक्सीडेड’ म्हणून मोकळं होतं. ती ओळ वाचायची सवय लावून घ्या.

लॅपटॉपवरून केलेली झिप चालते, पण गिटहब ॲक्शन्समधून (गिटहबवर आपोआप बिल्ड करणारी सोय) केलेली चालत नाही, असं झालं तर दोन जागा बघा. एक, .गिटइग्नोर (गिटने कशाकडे दुर्लक्ष करायचं त्याची यादी). गिटहब पायथन प्रोजेक्टसाठी जो तयार साचा देतं त्यात ‘लिब/’ आणि ‘बिल्ड/’ ही नावं आहेत. तुम्ही आपल्या कोडच्या फोल्डरला लिब नाव दिलं असेल तर तो गिटमध्ये कधी गेलेलाच नसतो. दुसरी जागा, नावातली लहान-मोठी अक्षरं. मॅक किंवा विंडोजवर फाइलीचं फक्त पहिलं अक्षर लहानाचं मोठं केलं तर गिटला बहुधा बदल दिसतच नाही, आणि लिनक्सवर जुन्याच नावाची फाइल उतरते. पायथन इम्पोर्ट करताना अक्षरांचा आकार सगळीकडे काटेकोर तपासतो, म्हणून लॅपटॉपवर नवं नाव चालतं आणि तिकडे फसतं. अशा वेळी नाव ‘गिट एमव्ही’ने बदला.

परवानग्यांचं थोडक्यात: एररमध्ये ‘परमिशन डिनाइड’ असेल तर फाइलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५ देऊन परत झिप करा.

बाहेरची पॅकेजं

इन्स्टॉल करायचं नाव आणि इम्पोर्ट करायचं नाव एकच असेल असं नाही. पायवायएएमएल इन्स्टॉल करून यामल इम्पोर्ट होतं, पिलो इन्स्टॉल करून पीआयएल, ब्यूटिफुलसूप४ इन्स्टॉल करून बीएस४. एररमधलं नाव जसंच्या तसं रिक्वायरमेंट्समध्ये लिहिलं की भलतंच काहीतरी येतं किंवा काहीच येत नाही.

फसवी गोष्ट दुसरीच. लॅपटॉपवरच्या वातावरणात रिक्वेस्ट्स असतं, कारण दुसऱ्या कुठल्या तरी टूलने ते सोबत आणलेलं असतं. तुम्ही ते कधी लिहून ठेवलेलं नसतं. कोड लिहिताना ते सापडतं, टेस्टला सापडतं, लॅम्डाला नाही. ताडून बघायचं तर नवीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (कोरं, वेगळं पायथन) करा, फक्त रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी इन्स्टॉल करा आणि हँडलर इम्पोर्ट करून बघा. पायटेस्टही घालू नका, ते आपली पिल्लं घेऊन येतं.

‘पिप इन्स्टॉल -ई’ने जोडलेलं स्वतःचं पॅकेजही असंच दगा देतं. तिथे पॅकेज कॉपी होत नाही, तुमच्या डिस्कवरच्या फोल्डरचा पत्ता तेवढा नोंदला जातो. त्या पत्त्यावर लॅम्डाला कोणी भेटत नाही.

लॅम्डाचं रनटाइम बदलताना आणखी एक. पायथन ३.१२ मधून डिस्टयूटिल्स आणि इम्प ही दोन्ही मॉड्यूलं काढून टाकली आहेत. जुनं एखादं पॅकेज त्यांच्यावर विसंबून असेल तर लॅपटॉपवरच्या ३.११ वर चालेल आणि लॅम्डाच्या ३.१२ वर पडेल. दोन्हीकडे व्हर्जन एकच ठेवा, मायनर आकड्यासकट.

पॅकेज आहे, तरी ‘नो मॉड्यूल’

इथे भल्याभल्यांची मती गुंग होते. झिपमध्ये पायडँटिक_कोअर फोल्डर डोळ्यांना दिसतोय आणि लॅम्डा म्हणतंय मॉड्यूल नाही. फोल्डर उघडा आणि .एसओने संपणाऱ्या फाइलीचं पूर्ण नाव वाचा. त्यात ‘सीपायथन-३१२-डार्विन’ असं असेल तर ती मॅकसाठी बनवलेली आहे. लिनक्सवरचा पायथन ‘सीपायथन-३१२-एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू’ या शेपटाची फाइल शोधतो. डार्विनवालीकडे तो बघतही नाही, म्हणून ‘नाही’ म्हणतो. ३१२ च्या जागी ३११ असेल तरी तेच, आणि लॅम्डा एआरएमवर (एक्स८६हून वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर) असताना एक्स८६ची फाइल गेली तरी तेच.

क्रिप्टोग्राफीसारख्या पॅकेजांत ‘एबीआय३.एसओ’ असं मोघम शेपूट असतं. ते लिनक्सलाही ओळखीचं वाटतं, तो फाइल उघडायला जातो आणि मग ‘इनव्हॅलिड ईएलएफ हेडर’ येतं. एरर वेगळी, दुखणं एकच.

उपाय असा की पिपला दुसऱ्या मशीनसाठीची व्हील (आधीच बनवून ठेवलेलं पॅकेज) आणायला सांगा. पिप इन्स्टॉलला --टार्गेट देऊन बिल्डचा फोल्डर सांगा, --प्लॅटफॉर्म म्हणून ‘मॅनीलिनक्स२०१४_एक्स८६_६४’ द्या (एआरएम असेल तर शेवटी ‘एआर्च६४’), --पायथन-व्हर्जन ३.१२, आणि --ओन्ली-बायनरीला ‘:ऑल:’. शेवटचा पर्याय विसरलात तर पिप कामच करणार नाही, आणि ते बरंच आहे. एखाद्या पॅकेजची मॅनीलिनक्स२०१४ची व्हील नसेल तर ‘मॅनीलिनक्स_२_२८’ हा दुसरा --प्लॅटफॉर्म जोडता येतो. पण त्याला जीलिबसी (लिनक्सची पायाभूत सी लायब्ररी) किमान २.२८ लागतं. लॅम्डावर पायथन ३.१२ आणि पुढची रनटाइम ॲमेझॉन लिनक्स २०२३ वर आहेत, तिथे जीलिबसी २.३४ आहे, चालेल. पायथन ३.११ हे ॲमेझॉन लिनक्स २ वर आहे, तिथे २.२६, म्हणून ‘जीलिबसी_२.२८ नॉट फाउंड’ अशी एरर येईल.

डॉकर (प्रोग्राम बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं टूल) असेल तर एवढं लक्षात ठेवायची गरज नाही. ‘सॅम बिल्ड --यूज-कंटेनर’ लॅम्डासारख्याच डब्यात सगळं बनवून देतं. वेळ खातं, पण निवांत.

लेयर

चार-पाच फंक्शनांना एकच कॉमन कोड लागला की लोक लेयर करतात. लेयरची झिप /ऑप्टमध्ये उघडते, आणि यादीत असतो /ऑप्ट/पायथन. म्हणून लेयरच्या झिपमध्ये सगळ्यात वर ‘पायथन’ नावाचाच फोल्डर हवा आणि तुमचं पॅकेज त्याच्या आत. तो नसेल तर कोड /ऑप्टमध्ये नुसता पडून राहतो.

लेयरची व्हर्जन एकदा प्रसिद्ध केली की बदलत नाही. नवी केली तरी फंक्शन जुनीलाच धरून बसतं, त्याला नवा आकडा सांगावा लागतो. ‘कोड बदलला पण परिणाम नाही’ची अर्धी प्रकरणं इथे निघतात. एका फंक्शनला ५ लेयर लावता येतात, आणि झिप अधिक लेयर मिळून उघडल्यावर २५० एमबीच्या आत बसावं लागतं. त्यात बसवायला काही जण डिस्ट-इन्फोचे (पॅकेजची माहिती ठेवणारे) फोल्डर उडवतात. काही पॅकेजं स्वतःचं व्हर्जन तिथूनच वाचतात आणि इम्पोर्ट होतानाच ‘पॅकेज नॉट फाउंड’ म्हणून कोसळतात. पांडाज आणि साय-पायसारखं जड सामान असेल तर चिमट्याने वजन काढत बसू नका, सरळ कंटेनर इमेज करा. तिथे १० जीबीपर्यंत मुभा आहे.

सोर्सची नाही, बिल्डची टेस्ट

युनिट टेस्ट सोर्सवर चालतात. त्या कितीही हिरव्या असल्या तरी झिपबद्दल काहीच सांगत नाहीत. म्हणून बिल्ड झाल्यावर, डिप्लॉयच्या आधी, मी एकच जादा पायरी ठेवली आहे. लॅम्डाची पायथन ३.१२ची अधिकृत इमेज घ्यायची, बिल्डचा फोल्डर /वार/टास्कवर माउंट करायचा, एंट्रीपॉइंट म्हणून पायथन द्यायचा आणि फक्त ‘इम्पोर्ट पावती.ॲप’ ही एक ओळ चालवायची. इव्हेंट नाही, डेटाबेस नाही. इम्पोर्ट झाला तर शून्याने संपतं, नाही तर पाइपलाइन तिथेच लाल होते. या लेखातल्या बहुतेक चुका या एका ओळीत सापडतात. लेयर असेल तर तिचा फोल्डर /ऑप्टवर माउंट करा आणि पायथनपाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये /ऑप्ट/पायथन द्या.

दोन अडचणी येतील. मॉड्यूलच्या वरच्याच ओळीत तुम्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचत असाल तर या पायरीत की-एरर येईल. तिथे खोटी मूल्यं द्या, किंवा ते वाचणं फंक्शनच्या आत हलवा. दुसरी अडचण ‘सॅम लोकल इनव्होक’ वापरणाऱ्यांची. एकदा सॅम बिल्ड केलं की ते त्या बिल्डमधलाच कोड चालवतं. सोर्समध्ये दुरुस्ती करून तुम्ही दहा वेळा चालवाल आणि तीच जुनी एरर दहा वेळा बघाल, मधे बिल्ड केलेलं नसतं म्हणून.

फंक्शनं बरीच असतील तर टेम्प्लेट वाचून त्यातले सगळे हँडलर एका लूपमध्ये इम्पोर्ट करणारी वीसेक ओळींची स्क्रिप्ट पुरते. माझ्याकडे सोसायटीच्या कामाची आता सहा फंक्शनं झाली आहेत, आणि सहाही तपासायला एका मिनिटापेक्षा कमी वेळ लागतो. मागच्या महिन्यात त्या स्क्रिप्टने एक पकडलं: नव्या फंक्शनच्या फाइलीला मी कॅलेंडर.पाय नाव देऊन ठेवलं होतं, आणि पायथनच्या स्वतःच्या कॅलेंडर मॉड्यूलऐवजी सगळे तिलाच इम्पोर्ट करत होते. नाव बदलून देय_तारखा.पाय केलं.